घरातला समुद्र : टाकीचा धंदा आणि प्रवाळाचा कायदा

१९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून २००९ मध्ये चाकणला सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यापर्यंत पिंपरी-चिंचवड परिसराची सारी वाढ कारखान्यांच्या बळावर झाली. या कारखान्यांच्या आधाराने आपले अनेक कारागीर बंधू वेल्डिंग, फॅब्रिकेशन, प्लंबिंग, वायरिंग, सुतारकाम आणि काचकाम करून संसार चालवतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महानगरपालिकेने केलेल्या कारवाईत हजारो पत्राशेड, गोदामे आणि वर्कशॉप पाडली गेली. ज्यांच्या हातात हुन्नर होता, पण डोक्यावरचे छप्पर गेले, अशा कारागिरांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : मोठी शेड न घेता, मोजक्या हत्यारांवर कोणते काम करता येईल?

अशा कामांपैकी एका कामाची माहिती येथे देत आहोत. हे काम म्हणजे घरात खाऱ्या पाण्याची, समुद्री माशांची टाकी बसवून देणे आणि ती सांभाळणे. वाकड, रावेत, मोशी, निगडी प्राधिकरण या भागांत मोठे फ्लॅट घेणारा वर्ग आहे. गोड्या पाण्याची फिशटँक बाळगणाऱ्यांपैकी काहींना पुढे समुद्री टाकीची हौस वाटू लागते. पण या टाकीचे तंत्र वेगळे असते आणि तिच्यामागे एक कडक कायदाही आहे. कायदा माहीत नसताना या धंद्यात उतरणारा तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊ शकतो. उलट कायदा आणि तंत्र या दोन्ही गोष्टी ज्याला कळल्या, त्याला घरबसल्या बारमाही काम मिळू शकते. म्हणून सुरुवात कायद्यापासून केली आहे.

प्रवाळ विकू नका, बाळगू नका

चित्रांत दिसणाऱ्या ‘रीफ टँक’मध्ये रंगीबेरंगी प्रवाळ असतात. प्रवाळ ही झाडे किंवा दगड नव्हेत. ते सजीव प्राणी आहेत. लाखो सूक्ष्म जीव एकत्र राहून चुन्याचा सांगाडा तयार करतात आणि त्यांच्या पेशींत राहणारे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न बनवून त्यांना पोसते. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी पातळीपेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर हे शैवाल प्रवाळाबाहेर टाकले जाते. प्रवाळ पांढरे पडते आणि पुढे मरतेही. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर अशी चौथी मोठी विरंजन-लाट चालू असल्याचे जाहीर केले. त्या वर्षी आपल्या लक्षद्वीपची प्रवाळेही तिच्यात सापडली.

भारतात जुलै २००१ पासून सर्व खडकाळ प्रवाळे, काळे प्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि सर्व समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे. समुद्रघोडा, समुद्रकाकडी आणि काही जातींचे महाकाय शिंपले यांनाही त्याच वर्षी हे संरक्षण मिळाले. कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

व्यापाऱ्यांनी दोन गोष्टी नीट लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की संरक्षण केवळ जिवंत प्रवाळापुरते नाही. पूर्वी फिशटँकच्या दुकानांत शोभेसाठी मिळणारे पांढरे, मेलेले प्रवाळही त्यात येते. समुद्रातून काढून ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगडही बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. दुसरी गोष्ट अशी की असा माल ज्याच्या ताब्यात सापडतो, तो कायदेशीर असल्याचे त्यालाच सिद्ध करावे लागते. ‘मुंबईच्या दलालाने दिला, मला काय ठाऊक’ हे उत्तर चालत नाही.

आपल्या राज्यातही प्रवाळे आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, समुद्राखाली प्रवाळांचा एक मोठा पठारी भाग आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तिथला एक तुकडा उचलून चिंचवडच्या दिवाणखान्यात ठेवणे हा गुन्हा आहे.

मग गिऱ्हाइकाला काय द्यायचे? माणसाने बनवलेल्या दगडांची रचना, हॅचरीत जन्मलेले मासे, आणि हवे असल्यास सिलिकॉन किंवा रेझिनची प्रवाळ-प्रतिकृती. देखावा समुद्राचाच राहतो. खर्च कमी होतो आणि माशांचे जगणे सोपे होते. गिऱ्हाईक खऱ्या प्रवाळाचा आग्रह धरू लागले, तर त्याला कायदा समजावून सांगावा. त्यानंतरही तो ऐकत नसेल तर काम सोडून द्यावे. एका कामाचा नफा वकिलाच्या एका तारखेला पुरत नाही.

वजन आणि काच

आता टाकीकडे वळू. घरासाठी १२० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ४५ सेंमी उंच हे माप सोयीचे आहे. तिच्यात २४३ लिटर पाणी मावते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून थोडे जड, म्हणजे लिटरला सुमारे १.०२५ किलो असते. पाणी २५० किलो, १० मि.मी. काच ५० किलो, दगड ३० किलो, खालच्या टाकीतले पाणी ७० किलो आणि स्टँड ४० किलो धरला तर एकूण वजन ४४० किलोच्या घरात जाते. हे सारे अवघ्या अर्ध्या चौरस मीटर जागेवर येते. भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भारासाठी धरलेला असतो. म्हणून टाकी खोलीच्या मधोमध ठेवू नये. बीमवर किंवा बीमला लागून असलेल्या भिंतीशी ठेवावी. याहून मोठी टाकी असेल तर इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरचे मत लेखी घ्यावे.

काचेवरचा दाब टाकीत किती लिटर पाणी आहे यावर ठरत नाही, तो पाण्याच्या उंचीवर ठरतो. ४५ सेंमी उंचीला पुढच्या काचेवर एकूण सुमारे १२५ किलोचा रेटा येतो. तीच टाकी ६० सेंमी उंच केली तर रेटा सुमारे २२० किलो होतो. उंची एक-तृतीयांशाने वाढली आणि रेटा पाऊणपटीने वाढला. गिऱ्हाईक ‘जरा उंच करा’ म्हणते तेव्हा हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा, आणि काच १२ मि.मी. घ्यावी.

काचेच्या कडा घासून घ्याव्यात. जोडासाठी आम्लगंधी सिलिकॉन वापरावे, पण ते बुरशीनाशक घातलेले नसावे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये असे औषध असते आणि त्याने मासे मरतात. जोड किमान आठवडाभर सुकू द्यावेत. नंतर टाकी वर्कशॉपमध्येच साध्या पाण्याने भरून दोन दिवस पाहावी. पाण्याच्या वाटेसाठी भोक पाडायचे असेल तर ते साध्या काचेत, हिरा-बिटने, पाणी सोडत सोडत पाडावे. टफन केलेल्या काचेत भोक पाडायला गेले की काचेचा चुरा होतो.

तांबे-पितळ दूर ठेवा

भोसरी-चाकणचा कारागीर लोखंड, पितळ आणि ॲल्युमिनियमशी रोज खेळतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीत मात्र ही सवय घातक ठरते. पाण्यात अगदी थोडे तांबे उतरले तरी कोळंबी, गोगलगाई आणि बिनकण्याचे इतर जीव मरतात. पितळेतही तांबे असते. गॅल्वनाइज्ड पाइपातून जस्त सुटते. म्हणून पाण्याला स्पर्श करणारा प्रत्येक नळ, वाल्व्ह आणि जोड प्लॅस्टिकचाच, म्हणजे यूपीव्हीसीचा असावा. स्क्रू किंवा क्लिपसुद्धा पाण्यात धातूची नसावी.

स्टँड चौकोनी एमएस पाइपचा चालतो, पण त्याला चांगले पावडर कोटिंग किंवा इपॉक्सी हवे. खारे पाणी तारेवरून, नळीवरून हळूहळू बाहेर येते, सुकते आणि मिठाचा थर चढतो. त्या थराखाली साधा ऑइल पेंट फार काळ टिकत नाही. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही खाऱ्या पाण्यात खड्डे पडतात. ३१६ प्रत बरी, पण महाग. स्टँडच्या माथ्यावर प्लायवूड आणि त्यावर फोमची चादर अंथरावी, म्हणजे काच समतल बसते. पाणसळ लावून चारी कोपरे पाहिल्याशिवाय पाणी भरू नये.

विजेच्या बाबतीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ घेऊन मग वर जावी, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही.

पाणी : पवनेचे आणि बोअरचे

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी एक दिवसाआड दिले जाऊ लागले. चाकणच्या बाजूला अनेक ठिकाणी बोअर आणि टँकरवर भिस्त असते. यांपैकी कोणतेही पाणी थेट टाकीत घालता येत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि बोअरच्या पाण्यात नायट्रेट, सिलिकेट आणि इतर क्षार असतात. त्याने टाकीत शेवाळ माजते. म्हणून आरओच्या पुढे डीआय रेझिनचा एक डबा जोडून टीडीएस शून्यावर आणावा लागतो. घरात पिण्यासाठी आरओ बसवणाऱ्या आपल्या मेकॅनिकला हे काम नवीन नाही. फक्त एक डबा वाढवायचा असतो.

आरओ प्रत्येक लिटरमागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. महिन्याला २०० लिटर शुद्ध पाणी लागले तर ६०० लिटर पाणी असे बाहेर जाते. पाणीटंचाईच्या शहरात ते गटारात सोडणे बरे नव्हे. ते पिंपात साठवून लादी पुसायला, संडासाला वापरता येते. शुद्ध पाण्यासाठीही खाद्यपदार्थांच्या प्रतीचे शंभर-दीडशे लिटरचे प्लॅस्टिक पिंप ठेवावे, म्हणजे ज्या दिवशी नळाला पाणी नसते त्या दिवशी अडत नाही.

आता मीठ. स्वयंपाकाचे किंवा मिठागराचे खडे मीठ येथे चालत नाही. मिठागरात समुद्राचे पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात आणि मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडू पाण्यात राहते. हाती येते ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्री जिवांना मात्र सारे क्षार ठरलेल्या प्रमाणात लागतात. म्हणून मत्स्यालयासाठी तयार मिळणारे समुद्री मीठच घ्यावे. ते लिटरला सुमारे ३७ ग्रॅम पडते. पहिल्या भरणीला सुमारे ३०० लिटरसाठी ११ किलो मीठ लागते. पुढे दर आठवड्याला २५ लिटर पाणी बदलले तर महिन्याला चार किलो लागते. गिऱ्हाइकाला दर सांगताना मिठाचा हा महिन्याचा खर्च विसरू नये.

क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजावी. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असावे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून रोज आटलेले तीन-चार लिटर पाणी भरताना शुद्ध गोडे पाणीच घालावे. खारे पाणी घालत गेल्यास काही दिवसांत टाकी समुद्राहून खारट होते आणि मासे मरतात. बदललेले जुने पाणी गटारात सोडावे. झाडांना घातल्यास झाडे जळतात.

उष्णता, वीज आणि गुरुवार

समुद्री टाकीचे पाणी २४ ते २७ अंशांत ठेवावे असा नियम आहे. हॅचरीत जन्मलेले क्लाउनफिश २८ अंशही सोसतात. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि वरच्या मजल्यावरील पश्चिममुखी खोलीत पाणी तिशी ओलांडते. पाण्यावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी अधिक आटते. त्याने भागले नाही तर चिलर लावावा लागतो. म्हणून टाकीची जागा ठरवतानाच पूर्व किंवा उत्तर बाजूची, ऊन न येणारी भिंत निवडावी. असे केले तर बऱ्याच घरांत चिलरचा खर्च टळू शकतो.

विजेचा हिशेब गिऱ्हाइकाला आधीच सांगावा. प्रवाळाची टाकी धरली तर १५० वॅटचे दिवे नऊ तास, सारे पंप मिळून ८० वॅट चोवीस तास आणि ३०० वॅटचा चिलर आठ तास, असे दिवसाला साडेपाच युनिटहून अधिक आणि महिन्याला सुमारे १७० युनिट लागतात. महावितरणच्या घरगुती दरात शंभर आणि तीनशे युनिटांच्या पुढे दर चढत जातो. आधीच दीडशे युनिट जाळणारे घर त्यामुळे वरच्या टप्प्यात जाते. केवळ माशांच्या टाकीला ४० वॅटचा दिवा आणि ६० वॅटचे पंप पुरतात. चिलर नसेल तर महिन्याला सुमारे ५४ युनिट होतात. म्हणजे कायदा पाळल्याने वीजबिलही वाचते.

औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची आणि महावितरणची दुरुस्तीही बहुधा त्याच दिवशी, हे येथील माणसाला सांगायला नको. वीज गेली की पंप थांबतात आणि पाण्यातला प्राणवायू घटू लागतो. मासे जास्त असतील तर काही तासांतच ते तोंड वर काढतात. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. घरात इन्व्हर्टर असेल तर एक प्रवाहपंप त्यावर जोडून द्यावा. चिलर जोडू नये, बॅटरी लगेच उतरते.

आणखी एक गोष्ट प्लंबरने ध्यानात ठेवावी. वीज गेल्यावर वरच्या टाकीतले काही पाणी नळीवाटे खालच्या टाकीत उतरते. खालची टाकी काठोकाठ भरलेली असेल तर घरभर खारे पाणी होते. म्हणून परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीजवळ एक बारीक भोक पाडावे, म्हणजे हवा शिरून ओढ तुटते. खालच्या टाकीत तेवढी जागाही रिकामी ठेवावी. काम सोपवण्याआधी गिऱ्हाइकासमोर मुख्य स्विच बंद करून दाखवावा.

दगड आपणच घडवावा

समुद्रातून काढलेला दगड घ्यायचा नाही असे ठरले की कारागिराला नवे काम मिळते. पांढरा सिमेंट, शिंपल्यांचा जाडसर चुरा आणि जाडे मीठ एकत्र कालवून कमानी, गुहा आणि खडकांचे आकार ओतता येतात. मीठ पुढे विरघळून जाते आणि दगड सच्छिद्र होतो. या छिद्रांतच पाणी शुद्ध करणारे जिवाणू घर करतात. ताजा सिमेंट पाण्याचा पीएच फार वाढवतो, म्हणून असे दगड गोड्या पाण्यात, पाणी बदलत बदलत, चार ते आठ आठवडे भिजवावे लागतात. पीएच ८.४ च्या आसपास स्थिर झाला की दगड वापरण्याजोगा झाला. गवंडीकाम जाणणाऱ्या कोणालाही हे जमते. साचा लागत नाही, ओल्या वाळूत खड्डा करून त्यात ओतले तरी चालते. मात्र पीएच न तपासता माल देऊ नये.

पहिले सहा आठवडे

टाकी भरली, दगड रचले, दिवे लागले की गिऱ्हाइकाला त्याच संध्याकाळी मासे हवे असतात. येथेच सर्वांत जास्त मासे मरतात आणि कारागिराचे नाव खराब होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने कमी घातक असते आणि पाणी बदलून काढता येते. हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. चाचणी-किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत एकही मासा सोडू नये. ही अट पावतीवरच लिहून घ्यावी.

त्यानंतरही एका वेळी एक किंवा दोनच मासे सोडावेत. प्रत्येक नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवून पाहावा. आजारी माशाला तांबेयुक्त औषध द्यायचे असेल तर ते त्या वेगळ्या टाकीतच द्यावे, मोठ्या टाकीत कधीही नाही. २४० लिटरच्या टाकीला क्लाउनफिशची एक जोडी, दोन-तीन छोटे गोबी, एखादी सफाई करणारी कोळंबी आणि थोड्या गोगलगाई पुरतात. क्लाउनफिशला समुद्रफूल हवेच असे नाही, ते दगडाच्या आडोशालाही सुखाने राहतात.

मासे कोठून?

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले तेव्हा समुद्री मासे काचेआड पाहणे हेच नवल होते. ते पाळायचे तर समुद्रातून पकडून आणावे लागत. काही देशांत आजही खडकांत लपलेले मासे सायनाइड फवारून गुंगवून पकडतात. असे मासे बाहेरून धडधाकट दिसतात, पण नंतर अचानक मरतात. व्यापाऱ्याचे पैसे जातात आणि गिऱ्हाइकाचा विश्वास जातो.

आता परिस्थिती बदलली आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि इतर शोभिवंत समुद्री माशांची पैदास करण्याचे तंत्र बसवले आहे. आपल्या राज्यात नवी मुंबईत ऐरोली येथे मँग्रोव्ह फाउंडेशनने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साहाय्याने शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी उभारली आहे. त्याच ब्युरोने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्थानिक महिलांना शोभिवंत कोळंबी आणि क्लाउनफिश वाढवण्याचे शिक्षण दिले. अगत्तीच्या या भगिनींचे उदाहरण आपल्या घरांतील महिलांनीही पाहण्यासारखे आहे.

क्लाउनफिशची पैदास घरातही करता येते. हा मासा जन्मतः नर असतो आणि जोडीतला वरचढ मासा मादी होतो. त्यामुळे दोन लहान मासे एकत्र वाढवले की जोडी आपोआप लागते. मादी दगडावर अंडी घालते आणि नर त्यांना वारा घालतो. आठवड्याभरात, बहुधा सातव्या-आठव्या रात्री, पिले बाहेर येतात. पहिले काही दिवस त्यांना रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव आणि नंतर आर्टेमिया खाऊ घालावे लागतात. रोटिफरची पैदास बादलीतही होते, पण तिच्याकडे रोज लक्ष द्यावे लागते. मेहनत आहे, जागा फार लागत नाही.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मासे संवर्धनाच्या घटकासाठी एकक खर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. निधी आणि मुदत याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करूनच पुढचे पाऊल टाकावे.

कमाई कशात?

टाकी विकणे हे एकदाचे काम. काच आणि पाइप यांचे दर सर्वांना ठाऊक असल्याने त्यात नफा बेताचा राहतो. माशांच्या विक्रीत नफा दिसतो, पण मरतूक तो खाऊन टाकते. खरी कमाई सांभाळण्याच्या मासिक करारात आहे. नोकरी करणाऱ्या कुटुंबाला समुद्राची हौस असते, पण दर आठवड्याला पंचवीस लिटर पाणी कालवायला वेळ नसतो. ते काम करणारा विश्वासू माणूस त्यांना हवा असतो. आठवड्याला एक फेरी धरली तर एक माणूस दिवसाला चार टाक्या सहज पाहू शकतो. गुरुवार सोडून सहा दिवसांत चोवीस गिऱ्हाइके होतात.

करार तोंडी ठेवू नये. महिन्याला किती फेऱ्या, मीठ आणि चाचणी-किट कोणाचे, वीज गेल्याने किंवा घरच्यांनी जास्त खाद्य टाकल्याने मासे मेले तर जबाबदारी कोणाची, हे कागदावर असावे. प्रत्येक टाकीजवळ एक वही ठेवावी आणि दर फेरीला तापमान, क्षारता, अमोनिया आणि नायट्रेट यांची नोंद करून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. प्रत्येक माशाची खरेदी-पावती जपावी. तो कोणत्या हॅचरीतला आहे हे पावतीवर लिहिलेले असावे. कधी वन खात्याचा माणूस आला तर ती वही आणि पावतीच आपली साक्षीदार.

काचवाला, फॅब्रिकेटर आणि प्लंबर-वायरमन अशा तिघांनी मिळून हे काम घेतले तर कोणालाही स्वतंत्र शेड लागत नाही. काच कापणाराची जागा काच कापायला आणि फॅब्रिकेटरची वेल्डिंगला पुरते. पुढचे सारे काम गिऱ्हाइकाच्या घरीच होते. तिघांचा हिस्सा आधीच ठरवून लिहून ठेवावा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. तिच्यासाठी दलालाला पैसे देण्याची गरज नाही.

सुरुवात एकाच टाकीने करावी, तीही वर्कशॉपमध्ये किंवा दुकानात. निदान एक पूर्ण उन्हाळा ती चालवून पाहावी. एप्रिल-मेची उष्णता, गुरुवारची वीजकपात आणि एक दिवसाआडचे पाणी यांतून जी टाकी निभावली, ती गिऱ्हाइकाला दाखवावी आणि तिची वही त्याच्या हाती द्यावी. त्यानंतरच दुसऱ्याच्या घरी टाकी बसवण्याचे काम घ्यावे.